एकट्यानं खेळायचा भूमिकाखेळ रचताना: आधी पेच, मग फासे

ओळखीतल्या लोकांनी बनवलेले बरेच सोलो आरपीजी, म्हणजे एक पात्र होऊन त्याची गोष्ट एकट्यानं खेळायचे भूमिकाखेळ, मी खेळून पाहिले आहेत. वही, पेन्सिल, दोन फासे, पत्त्यांचा कॅट आणि समोर कुणीच नाही, असे हे खेळ. मेहनत भरपूर असते, वर्णनंही छान असतात, तरी बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. खेळाडू फासे टाकतो, त्या आकड्याला काय घडतं ते तक्त्यात बघतो, वहीत लिहितो, पुन्हा फासे टाकतो. तासाभरानं त्याच्या लक्षात येतं, की हा खेळ नव्हता, कारकुनी होती.

सापशिडी आणि लुडो शेजारी ठेवून पाहा. सापशिडीत फासा पडला की सोंगटी कुठे जाणार हे ठरलेलंच असतं. लुडोत फासा पडल्यावर चारांतली कोणती सोंगटी चालवायची हे आपल्या हातात असतं, आणि घराघरांत लुडोवरून जी भांडणं होतात ती तेवढ्या एका गोष्टीवरून. सोलो खेळ करायला बसलेले लोक नकळत सापशिडी करतात आणि शिड्यांच्या जागी सुंदर परिच्छेद ठेवतात.

कारण क्रमात आहे. पहिल्या दिवशीच शंभर ओळींचा तक्ता लिहायला घेतात. (मीही घेतला होता. त्र्याऐंशीव्या ओळीला कंटाळलो, आणि खेळताना त्यातल्या दहासुद्धा वापरल्या गेल्या नाहीत.) तक्ता हे जवळजवळ शेवटचं काम आहे. आधी काय, नंतर काय, हे एका उदाहरणाच्या खेळावरून सांगतो. खेळाचं नाव 'मुक्कामाची गाडी'. जुलैतली संध्याकाळ, तालुक्याच्या स्टँडवरून घाटाखालच्या गावाला निघालेली शेवटची एस.टी., आणि खेळाडू तिचा कंडक्टर.

## पायरी १: सामान, आणि एक वाक्य

सामान थोडंच लागतं: चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर, सहा बाजूंचे दोन फासे, पत्त्यांचा एक कॅट, आणि पोस्टकार्डाएवढे कोरे कागद तीसेक. संगणक अजून उघडू नका. छान टाइपात मांडलेली चूक खोडवत नाही.

आता एक वाक्य लिहा. त्यात तीन गोष्टी हव्यात: कोण, काय साधायचंय, आणि कशामुळे ते सहज साधत नाही. 'तुम्ही एका रहस्यमय जगातले प्रवासी आहात' यात तिसरी गोष्टच नाही. 'शेवटच्या गाडीचा कंडक्टर सहा प्रवाशांना रात्रीच्या आत पोचवायला बघतोय, पण रस्ता, गाडी आणि माणसं तिन्ही एकाच वेळी सांभाळता येणार नाहीत' यात तिन्ही आहेत.

तपासा: वाक्यातला 'पण' काढला तरी ते पूर्ण वाटतंय? मग पेच सापडलेला नाही. पुढे जाऊ नका.

## पायरी २: एकमेकांच्या आड येणाऱ्या तीन गोष्टी

खेळाडूकडे जे असतं आणि खर्च होतं ते ठरवा. उदाहरणाच्या खेळात तीन ओळी आहेत: वेळ, गाडी, माणसं (म्हणजे प्रवाशांचा धीर). प्रत्येकीत पाच चौकोन, एकूण पंधरा. खर्च झाला की चौकोनावर फुली.

तीन का? दोनच असतील तर खेळाडू नेहमी जास्त उरलेल्यातून खर्च करतो, त्याला विचार करावा लागत नाही. पाच-सहा झाल्या की खेळापेक्षा हिशेब जास्त. तीन ओळींत एक वाचवायला गेलं की दुसरी जाते आणि तिसरीकडे लक्ष राहत नाही. आपल्याला नेमकं हेच हवंय.

इथली नेहमीची चूक म्हणजे 'ताकद', 'चपळाई', 'बुद्धी' असे आकडे लिहून मोकळं होणं. ते आकडे खेळाडूचे गुण सांगतात, त्याच्याकडून काही घेत नाहीत. एकट्याच्या खेळात खेळाडूला अडवायला समोर कुणी बसलेलं नसतं. अडवणूक कागदावरच असावी लागते.

यांच्या जोडीला सहा प्रवासी, प्रत्येकाचं एक कार्ड: तापलेल्या पोराला घेऊन निघालेली आई, बियाण्याची पिशवी घेतलेला शेतकरी, सकाळी परीक्षा असलेली मुलगी, औषधांचं खोकं नेणारा कंपाउंडर, मधल्या वाडीला उतरणारा म्हातारा, आणि ड्यूटी संपवून घरी चाललेला डेपोतलाच एक माणूस. प्रत्येक कार्डावर उतरायचं ठिकाण आणि घाईचं कारण लिहा. नाव मात्र खेळाडूला लिहू द्या. स्वतःच्या हातानं 'सुमनताई' असं लिहिलं, की पुढे त्या कार्डावर 'ताप वाढला' अशी खूण टाकताना हात अडखळतो. कारण मात्र खेळाडूवर सोडू नका, ते तुम्हीच द्या. त्याच्यावर सोडलंत तर तो सगळ्यांना सहज निभावतील अशी कारणं देतो.

## पायरी ३: एका फेरीचा क्रम

एक फेरी म्हणजे प्रवासाचा एक टप्पा. असे आठ टप्पे. प्रत्येक टप्प्यात काय काय आणि कोणत्या क्रमानं होतं, ते एका पोस्टकार्डावर मावलं पाहिजे:

१. वरचा पत्ता उलटा आणि त्या पत्त्यासाठी लिहिलेला पेच वाचा.
२. समोरचे पर्याय आणि त्यांची किंमत वाचा.
३. एक निवडा, किंमत लगेच खोडा.
४. त्या पर्यायात जोखीम असेल तरच फासे टाका.
५. काय झालं ते एका ओळीत लिहा. खूण पडली असेल तर प्रवाशाच्या कार्डावर टाका.

दुसऱ्या-तिसऱ्याच्या आधी चौथं आलं, की सगळं फिसकटतं. 'फासे टाका, १ ते ३ आले तर दरड, ४ ते ६ आले तर रस्ता मोकळा' यात फाशानं आधी निकाल दिला आणि खेळाडूला फक्त तो कळवला. फाशानं परिस्थिती आणावी, नाहीतर निवडीचं फळ ठरवावं. निवड करणं त्याचं काम नाही.

सावधान: पाचव्या क्रमांकात 'एक परिच्छेद लिहा' असं घालू नका. पहिल्या टप्प्याला लोक हौसेनं अर्धं पान लिहितात, चौथ्याला वही मिटतात. एक ओळ मागा. ज्याला जास्त लिहायचंय तो लिहीलच.

## पायरी ४: पेच लिहिणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अर्धा वेळ गेला तरी हरकत नाही.

प्रत्येक पेचाला तीन प्रश्न लावा:

- निवडण्याआधी खेळाडूला काय कळलं होतं?
- निवडताना त्यानं काय सोडलं?
- पुढे ते कुठे दिसलं?

एकाचंही उत्तर 'काही नाही' आलं तर पेच बाद. मी तपासलेल्या खेळांत निम्मे पेच पहिल्याच प्रश्नाला पडतात. 'रस्त्याला दोन फाटे फुटतात. डावीकडे की उजवीकडे?' ही निवड नाही, नाणेफेक आहे. दोन्हीकडे काय आहे हे माहीत नसताना उजवीकडे गेलेल्या माणसानं काहीच ठरवलेलं नसतं.

आता एक पेच दोन रूपांत पाहा. (फरशी म्हणजे ओढ्यावरचा बुटका पूल.) माझा पहिला खर्डा असा होता:

> फरशीवर पाणी आलंय. गाडी घालणार की थांबणार? घातलीत तर फासे टाका: ७ किंवा जास्त आले तर पार, नाहीतर गाडी वाहून जाते.

दिसायला थरारक. पण थांबण्याची किंमत काहीच नाही, त्यामुळे शहाणा खेळाडू दर वेळी थांबणार. गाडी घालणाऱ्याच्या पदरात जास्तीचं काही नाही, आणि फासे उलटले तर खेळच संपला. म्हणजे पर्याय दोन दिसतात, पण प्रत्यक्षात एकच. चार वेळा फिरवून लिहिल्यावर तो असा झाला:

> फरशीच्या कडेला पाच पांढरे दगड असतात. आत्ता तीन दिसतायत. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून तुमच्याकडे बघतोय.
>
> थांबा. वेळ −२. आईच्या कार्डावर 'ताप वाढला'.
> गाडी घाला. फासे टाका. १० किंवा जास्त: काही न गमावता पार. ७ ते ९: पार, गाडी −१. ६ किंवा कमी: मधेच बंद पडते, ढकलून काढावी लागते, गाडी −२, वेळ −२.
> एकाला पुढे पाठवा, मग घाला. फाशांच्या बेरजेत +१. कुणाला पाठवलंत? त्याच्या कार्डावर 'भिजला'.
> लांबचा रस्ता घ्या. वेळ −१, गाडी −१. वाडी चुकते, म्हाताऱ्याच्या कार्डावर 'चालत गेला'.

(खऱ्या आयुष्यात फरशीवरून पाणी वाहत असलं की थांबायचं, दुसरा विचार नाही. खेळात मोह दाखवावा लागतो म्हणून बाकीचे पर्याय आहेत.)

काय बदललं? तीन दगड दिसतायत, प्रत्येक पर्यायाची किंमत आधीच लिहिली आहे, म्हणजे माहिती आली. प्रत्येक वाटेवर काही ना काही जातंय, आणि प्रत्येक वाटेवर वेगळं जातंय. पुढचं दिसणं खुणांमुळे होतं, ते पायरी ७ मध्ये.

तिसऱ्या पर्यायातला 'कुणाला पाठवलंत?' हा प्रश्न नीट बघा. आकड्यांच्या हिशेबानं परीक्षेच्या मुलीला पाठवलं काय आणि शेतकऱ्याला पाठवलं काय, +१ तेवढाच मिळतो. पण खेळाडू तिथे थांबतो. कंपाउंडरला पाठवलं तर औषधं भिजतील का? डेपोच्या माणसाला सांगायचा आपल्याला अधिकार आहे का? आकडा सारखाच आणि माणूस वेगळा, अशी निवड पेचात घालता आली तर जरूर घाला.

सोडून देण्याला खेळाचा कणा करणारं एक चांगलं उदाहरण म्हणजे 'थाउजंड इयर ओल्ड व्हँपायर' हा सोलो खेळ. त्यात पात्राला पाचच आठवणी ठेवता येतात आणि प्रत्येक आठवणीत तीनच अनुभव मावतात. नव्या आठवणीला जागा उरली नाही, की एक जुनी खोडायची किंवा डायरीत हलवायची, आणि ती डायरीही हरवू शकते. लढाईचे नियम नाहीत. काय विसरायचं ते ठरवायचं, तरी हात थांबतो.

पेच लिहिताना तीन चुका मला सारख्या दिसतात.

भावना लादणं. 'तुम्हाला भीती वाटते.' कुणी सांगितलं? दिसतं ते लिहा, वाटायचं ते खेळाडूवर सोडा. ड्रायव्हर बघतोय एवढं पुरतं.

एक पर्याय दुसऱ्याला खाऊन टाकणं. 'वेळ −१' आणि 'वेळ −१, गाडी −१' असे पर्याय शेजारी असतील आणि दुसऱ्यात जास्तीचं काही मिळत नसेल, तर तो दुसरा फक्त जागा अडवतो.

लिंग गृहीत धरणं. ही खास मराठीची अडचण आहे. 'तू खाली उतरतोस' लिहिलंत की खेळाडू पुरुष झाला. मराठीत क्रियापदच ते सांगून टाकतं. त्यासाठी पेच 'तुम्ही' घालून लिहा: 'तुम्ही उतरता', 'तुम्ही थांबलात' ही रूपं दोघांनाही चालतात. पात्र आणि खेळाडू यांत अंतर पडू नये एवढ्यासाठी ही काळजी. सगळं लिहून झाल्यावर दुरुस्त करायला बसलात तर दोन संध्याकाळी जातात.

आणि तक्ता किती मोठा हवा? 'मुक्कामाची गाडी'त वीस पेच आहेत. कॅटमधून चारही रंगांचे एक्क्यापासून पंजीपर्यंतचे पत्ते काढले की वीस होतात. इस्पिक म्हणजे रस्ता, किलवर म्हणजे पाणी, चौकट म्हणजे गाडी, बदाम म्हणजे माणसं. एका खेळात त्यांतले आठ उलटतात. विसांतून आठ निवडण्याचे १,२५,९७० प्रकार होतात, आणि क्रम त्याहून वेगळा. शंभर ओळी लिहिण्यापेक्षा विसांना प्रत्येकी चार वेळा फिरवलेलं बरं.

## पायरी ५: फाशांचं गणित

फासे ठेवलेत, पण शक्यता काढली नाही, तर खेळ एकतर फार सोपा होतो किंवा पहिल्याच घाटात संपतो. दोन फाशांच्या ३६ जोड्या होतात. वरच्या पद्धतीत:

- साधी फेक: १० किंवा जास्त ६ जोड्यांत (१७ टक्के), ७ ते ९ १५ जोड्यांत (४२ टक्के), ६ किंवा कमी १५ जोड्यांत (४२ टक्के).
- +१ घेतला तर: १० जोड्या (२८ टक्के), १६ (४४ टक्के), १० (२८ टक्के).
- +२ घेतला तर: १५ (४२ टक्के), १५ (४२ टक्के), ६ (१७ टक्के).

म्हणजे एका +१ नं संकटाची शक्यता ४२ वरून २८ वर येते. हा मोठा फरक आहे, त्यामुळे +१ फुकट वाटू नका. त्याची किंमत हवी.

आता फरशीच्या पेचाचा हिशेब. 'गाडी घाला' यात १५ जोड्यांत एक चौकोन जातो, १५ जोड्यांत चार. सरासरी ७५ भागिले ३६, म्हणजे साधारण २.१ चौकोन. 'थांबा' यात नक्की दोन जातात. 'लांबचा रस्ता' दोन. 'एकाला पाठवा' यात ५६ भागिले ३६, साधारण १.६, जो फरक उरला तो माणसाच्या खुणेत वसूल होतो. सगळे पर्याय एकमेकांच्या आसपास आले, आता कोणता घ्यायचा ते त्या क्षणी खेळाडूकडे काय शिल्लक आहे त्यावर ठरेल. गाडीचे दोनच चौकोन उरलेत आणि वेळ भरपूर आहे, तर घालणं वेडेपणाचं. उलट असेल तर थांबणं महाग. सरासरी सारखी आणि धोका वेगळा, हे साधायला बघा.

तपासा: सगळे पेच फरशीइतके महाग नकोत. आठ टप्प्यांत सरासरी दीड चौकोन गेला तर बारा जातात, पंधरांतले तीन उरतात. शेवटपर्यंत धाकधूक राहायला एवढं पुरतं. तुमच्या विसांची सरासरी काढा. दोनाच्या वर गेली तर सोळाहून जास्त चौकोन लागतील, आणि तुमच्याकडे पंधराच आहेत.

सावधान: 'अपयश: काहीच होत नाही, पुन्हा प्रयत्न करा' अशी ओळ कुठेही दिसली तर खोडा. काहीच होत नसेल तर फासे टाकायचेच कशाला?

## पायरी ६: स्वतःला प्रश्न विचारण्याचे नियम

सोलो खेळात खेळाडूच पंच असतो. वाडीत फोन चालू असेल का? पुढच्या स्टँडवर कुणी जागं असेल का? हे सांगायला दुसरा माणूस नाही, मग एका फाशाला विचारायचं. बहुधा हो असेल तर ३ किंवा जास्त म्हणजे 'हो' (६७ टक्के). सांगता येत नाही, तर ४ किंवा जास्त (५० टक्के). बहुधा नाही, तर ५ किंवा जास्त (३३ टक्के).

सोय चांगली आहे आणि खेळ बिघडवणारीही हीच आहे. त्यासाठी नियम लिहूनच द्या:

१. शक्यता आधी कागदावर लिहायची, मग फासा टाकायचा. फासा पडल्यावर 'तसं बहुधा होच असणार म्हणा' असं सगळेच करतात. मीही करतो.
२. तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारायचा नाही.
३. जगाबद्दल विचारायचं, स्वतःबद्दल नाही. 'वाडीत फोन आहे का?' चालेल. 'मी थांबावं का?' चालणार नाही. तो निर्णय तुमचा आहे.
४. एका खेळात तीनच प्रश्न.

चौथा नियम लोकांना जाचक वाटतो. पण प्रश्न मोजके झाले की कधी विचारायचा हीसुद्धा एक निवड होते. माझ्या पहिल्या खर्ड्यात मर्यादा नव्हती; एका खेळाडूनं पहिल्याच टप्प्यात अकरा प्रश्न विचारले आणि गाडी स्टँडवरून हललीच नाही.

## पायरी ७: खुणा, आणि त्या वाचणारे पत्ते

'ताप वाढला', 'भिजला', 'चालत गेला' या खुणा कार्डावर पडल्या. त्या पुढे कुणी वाचल्या नाहीत, तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'कुठेच नाही' असं येतं आणि पायरी ४ ची मेहनत वाया जाते. वाया गेलेल्या खुणांइतका सोलो खेळाचा दुसरा कशानं विचका होत नाही, असं माझं मत झालंय.

चौकटीच्या वहीत आडवे वीस पेच मांडा, उभ्या सगळ्या खुणा. जो पेच जी खूण लावतो तिथे 'ल' लिहा. जो वाचतो तिथे 'व'. 'व' नसलेली खूण खोडा, किंवा तिच्यासाठी ओळ लिहा. वाचणारी ओळ लहानच असते. बदामाच्या तिर्रीवर, म्हणजे चहाच्या टपरीपाशी:

> कुणाच्या कार्डावर 'भिजला' असेल तर तो खाली उतरत नाही. त्याच्यासाठी चहा वर नेऊन दिलात तर वेळ −१ आणि खूण खोडा. नाही दिलात तर माणसं −१.

किती पत्त्यांनी एक खूण वाचावी? इथेही गणित कामाला येतं. समजा चौथ्या टप्प्यानंतर खूण पडली. पत्ते सोळा उरले, त्यांतले चार उलटणार. ती खूण वाचणारा एकच पत्ता त्या सोळांत असेल, तर तो येण्याची शक्यता २५ टक्के. तीन असतील तर त्यांतला निदान एक येण्याची शक्यता ६१ टक्के. म्हणून महत्त्वाची प्रत्येक खूण निदान तीन पेचांत वाचा, आणि हुकलेल्या सगळ्या खुणांसाठी शेवटच्या टप्प्यात जागा ठेवा.

खुणांची संख्या सातआठांच्या पुढे नेऊ नका. वीस पेच आणि पंधरा खुणा झाल्या, की सांभाळताना तुम्हीच थकता.

## पायरी ८: शेवट

कधी थांबायचं हे खेळानं सांगायला हवं. आठवा टप्पा झाला की, किंवा एखादी ओळ संपली की. आणि ओळ संपली म्हणजे 'हरलात' असं लिहून सुटका करून घेऊ नका. वेळ संपली: अंधार पडला, गाडी वाटेतल्या शाळेपाशी लावली. गाडी संपली: उतारावर उभी. माणसं संपली: प्रवासी उतरून चालायला लागलेत, आणि तुम्ही रिकाम्या गाडीत. तीन ओळींना तीन वेगळे शेवट.

त्यानंतर सगळी कार्डं मांडा, खुणा वाचा, आणि एक शेवटचा पेच द्या. कंडक्टरला सकाळी डेपोत अहवाल द्यायचाय. वहीतल्या ओळींतली एक ओळ त्यात लिहायची नाही. कोणती? डेपोचा माणूस गाडीत होता, त्याच्या कार्डावर खूण असेल तर ती ओळ लपत नाही, दुसरी निवडा. इथे एकही चौकोन खर्च होत नाही.

## पायरी ९: तपासणी

दुसऱ्या कुणाला देण्याआधी स्वतः तीन प्रकारे खेळा.

आळशी खेळ. दर वेळी सगळ्यात स्वस्त पर्याय घ्या. आरामात पोचलात तर किमती चुकल्यात.

नाण्याचा खेळ. दर वेळी नाणं टाकून पर्याय निवडा, तीन किंवा चार पर्याय असतील तर फासा. असे पाच खेळ खेळा, आणि विचार करून पाच. दोन्हीकडचे निकाल आणि वह्या सारख्याच वाटल्या, तर तुमच्या खेळात निवडीला काही किंमत नाही, मग वर्णनं कितीही चांगली असोत. ही तपासणी लोक टाळतात, कारण तिचं उत्तर बहुधा आवडत नाही.

मोजणीचा खेळ. प्रत्येक पर्याय किती वेळा घेतला त्याच्या उभ्या रेघा मारा. एखादा पेच दहा वेळा आला आणि आठ वेळा तोच पर्याय घेतला गेला, तर तो स्वस्त झालाय. एकदाही न घेतलेला पर्याय एक चौकोनानं स्वस्त करून बघा, तरी कुणी घेतला नाही तर काढा. एका वेळी एकच आकडा बदला. तीन आकडे एकदम बदलले की कशामुळे सुधारलं ते कळत नाही.

मग दुसऱ्याला द्या. कागद हातात द्या आणि गप्प बसा. 'अरे, तिथे असं म्हणायचंय' असं एकदाही म्हणालात तर तपासणी फुकट, कारण खेळाबरोबर तुम्ही प्रत्येकाच्या घरी जाणार नाही. त्यानं नियमांचं पान परत कधी उलटलं, त्याची नोंद करा. तीनदा एकाच नियमासाठी उलटलं तर तो नियम पोस्टकार्डावर आणा. आणि पेन्सिल कुठे थांबली ते बघा. वाचताना थांबली तर वाक्य अवघड झालंय. किंमत खोडायच्या आधी थांबली तर पेच जमलाय. पहिल्या तीन टप्प्यांत पेन्सिल एकदाही थांबली नाही, तर पायरी ४ कडे परत.

शेवटी छपाई. पेच ए-फोर कागदावर चार-चार मांडले तर वीस पेच पाच पानांत बसतात. काळ्या-पांढऱ्यात छापून दिव्याच्या उजेडात वाचून बघा. एकटे खेळणारे बहुतेक रात्रीच खेळतात. आणि प्रवाशांची कार्डं चकचकीत कागदावर छापू नका. पेन्सिल उठत नाही, आणि पेननं लिहिलेलं नाव पुढच्या खेळाला खोडता येत नाही.